सही माझी नको होती

महाराष्ट्रात बाळंतपणं करणाऱ्या सर्व स्त्रीरोगतज्ज्ञांस,

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री पावणेदोनच्या सुमारास, एका खासगी रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून मी एका छापील कागदावर सही केली. कागद इंग्रजीत होता, त्यातल्या रिकाम्या जागा भरलेल्या नव्हत्या आणि माझा वाचायचा चष्मा वर खोलीत राहिला होता. "पिशवीचं तोंड चार सेंटिमीटरवरच अडकलंय. पाणीही कमी आहे. थांबायचं असेल तर तुमच्या जबाबदारीवर तसं लिहून द्या," असं सिस्टर म्हणाल्या. अशा वेळी कोणती आई थांबायचं म्हणेल? मी सही केली. तासाभरात नात झाली. वजन पावणेतीन किलो, आवाज खणखणीत.

नात उत्तम आहे, लेकही उत्तम आहे. माझं म्हणणं वेगळंच आहे. मी सही करत होते तेव्हा लेक भिंतीपलीकडे पूर्ण शुद्धीत होती. एकतीस वर्षांची बाई, पुण्यातल्या कंपनीत पन्नास माणसांचं काम बघणारी. तिला कुणी काही विचारलं नाही. विचारलं मला, कारण मी जिन्यात सापडले.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, तिला पुन्हा दिवस गेलेत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, पण ती म्हणते, दुसरंही नागपुरातच करू. गेल्या महिन्यात एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जुनी फाईल उघडली, मिटली आणि म्हणाले, "एकदा सिझर म्हणजे पुन्हा सिझरच. तारीख सांगतो." लेकीनं काही विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "गूगल वाचून येऊ नका."

डॉक्टरसाहेब, गूगल नाही. मी बत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. औषधं मला कळत नाहीत, पण दोन गटांची तुलना कळते. आणि तुमच्या शास्त्रातली पुष्कळशी भांडणं शेवटी दोन गटांच्या तुलनेपाशीच येऊन थांबतात.

आधी कायद्याचं सांगते, कारण ते वाचून माझी झोप उडाली होती. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल दिला. चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईंना तपासणीसाठी भूल दिली होती. त्या भुलेत असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, ही संमती चालणार नाही. रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळानं शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग आईची संमती कसली? आणि संमती खरी ठरायची तर काय करणार, कशासाठी करणार, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं रुग्णाला सांगितलेलं हवं. तिथं बाई निदान भुलेत तरी होत्या. माझी लेक जागी होती.

नात दोन महिन्यांची झाल्यावर आम्ही केसपेपर मागितले. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असा २००२ सालापासूनचा नियम आहे. आम्हाला तीन खेटे घालावे लागले. फाईलमध्ये सिझरचं कारण एका ओळीत होतं : "एनपीओएल विथ ऑलिगो". म्हणजे कळा पुढे सरकेनात, आणि पाणी कमी. ती ओळ हातात घेऊन मी वाचायला बसले. उद्देश तुम्हाला चुकीचं ठरवायचा नव्हता. मी कशावर सही केली, हे मला कळायला हवं होतं.

पहिलं पाणी. महाराष्ट्रात नववा महिना लागलेल्या दर तिसऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य ऐकू येतं (ही आकडेवारी नाही हो, बायकांच्या गप्पा आहेत) : "पाणी कमी झालंय म्हणाले." आमच्या सोनोग्राफीत आकडा होता ६, आणि तोही चार कोपऱ्यांतलं पाणी मोजून केलेल्या बेरजेचा. पाच किंवा त्याखाली गेलं की कमी, असा त्या पद्धतीचा हिशेब. म्हणजे आमचं पाणी त्या हिशेबानंही कमी नव्हतं, सीमेवर होतं. मोजायची दुसरी एक पद्धत आहे. एकच सगळ्यात खोल कप्पा बघायचा, तो दोन सेंटिमीटरहून जास्त खोल असला की पुरे. या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना जर्मनीतल्या चार रुग्णालयांत झाली, १,०५२ गरोदर बायकांवर, २०१६ साली. बेरजेच्या पद्धतीनं ९.८ टक्के बायकांचं पाणी "कमी" निघालं, खोल कप्प्याच्या पद्धतीनं २.२ टक्क्यांचं. ज्यांना कळा आणवल्या त्यांच्यापैकी "पाणी कमी" हे कारण असलेल्या एकीकडे १२.७ टक्के, दुसरीकडे ३.६ टक्के. आणि बाळांच्या तब्येतीत? फरक नाही. नवजात अतिदक्षता कक्षात दोन्हीकडची बाळं सारख्याच प्रमाणात गेली. पट्टी बदलली की आजार चौपट होतो आणि बरं कुणालाच वाटत नाही, असं उदाहरण मला शिकवत असताना मिळालं असतं तर मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं असतं. आमच्या फाईलमध्ये खोल कप्प्याचा आकडा नाहीच.

मग चार सेंटिमीटर. ही गोष्ट जुनी आहे आणि तुम्हाला माझ्याहून चांगली ठाऊक आहे. १९५५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या कळांचा आलेख छापला. त्यातून पुढे तासाला एक सेंटिमीटर हा ठोकताळा रुजला आणि जगभरच्या लेबर रूममध्ये भिंतीवरच्या घड्याळासारखा टांगला गेला. २०१० साली झांग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांतल्या ६२,४१५ बायकांच्या नोंदी तपासल्या. आपोआप कळा आलेल्या, नैसर्गिक प्रसूती झालेल्या, बाळ ठणठणीत असलेल्या बायकांच्या. त्यांच्यातही चारवरून पाच सेंटिमीटर व्हायला सहा तासांहून जास्त लागू शकतात, पाचवरून सहाला तीन तासांहून जास्त, असं दिसलं. म्हणजे ज्यांचं सगळं ठीक झालं त्यांच्यातल्याही काही जणी घड्याळाच्या हिशेबानं "नापास" होत्या. २०१४ साली अमेरिकेतल्या तुमच्या व्यवसायबंधूंनी सहा सेंटिमीटरच्या आधी प्रगती थांबली असं म्हणू नये, असं ठरवलं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कळांचा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायला सांगितला आणि तासाला एक सेंटिमीटर ही अट बऱ्याच बायकांच्या बाबतीत अवास्तव आहे, केवळ तेवढ्यावरून काही करू नका, असं स्पष्ट लिहिलं.

माझ्या लेकीला कळांचं इंजेक्शन होतं, त्यामुळे झांग यांचे आकडे तिला जसेच्या तसे लावणं चूक आहे. हे मीच सांगते, नाहीतर तुम्ही सांगाल. पण इंजेक्शन दिलेल्यांसाठी तर २०१४ चाच अमेरिकी सल्ला आणखी सबुरीचा आहे : आई-बाळाची तब्येत ठीक असेल तर पाणमोट फुटल्यावर किमान १२ ते १८ तास सलाइनमधून औषध चालवून बघा, मगच कळा आणवणं (इंडक्शन) फसलं म्हणा. आमच्याकडे पाणमोट फोडल्याची वेळ आणि सहीची वेळ यांत सात तासांचं अंतर होतं.

त्या सात तासांत लेक पाठीवर आडवी होती, कारण पोटाला ठोक्यांच्या मशीनचा पट्टा होता. या पट्ट्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १३ चाचण्या, ३७,००० हून अधिक बायका, सगळ्यांचा एकत्र हिशेब २०१७ साली कोक्रेन या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं मांडला. सतत मशीन लावलं तर, अधूनमधून ठोके ऐकण्याच्या तुलनेत, बाळाला झटके येण्याचं प्रमाण निम्मं होतं. निम्मं! कुठल्याही आईला पट्टा हवासा वाटेल. पण निम्मं कशाचं? हजारातल्या साधारण तिघांवरून दीडवर. शिवाय सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे येणाऱ्या अपंगत्वात) फरक नाही, बाळं दगावण्यात फरक नाही, आणि सिझरचं प्रमाण मात्र ६३ टक्क्यांनी वाढलं. मी असते तर काय निवडलं असतं? इंजेक्शन चालू असताना कदाचित पट्टाच निवडला असता. ठोक्यांवर बारीक लक्ष ठेवायची तेव्हा गरज असते, हे मला पटतं. पण "निम्मं" आणि "हजारात दीड" ही एकाच आकड्याची दोन रूपं आहेत आणि रुग्णाला दोन्ही दिसायला हवीत.

आणि मी? मी सबंध वेळ बाहेरच्या बाकावर. "नातेवाईकांना आत परवानगी नाही." एकदा दार उघडलं तेव्हा आतून मावशींचा आवाज आला, "ओरडू नको गं, ताकद राख." प्रसूतीच्या वेळी सोबतीला कुणी सतत असेल तर काय होतं, याच्या २६ चाचण्या, १७ देश, १५,८५८ बायका. सिझर पाव हिश्श्यानं कमी, कळा सरासरी पाऊण तासानं कमी, वेदना कमी करणाऱ्या औषधांची मागणी कमी. खर्च काय, तर एक स्टूल. आपल्या सरकारनं २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत सोबतीणीला परवानगी दिली. पैसे भरून आम्ही जिथं गेलो तिथं दार बंद होतं.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे मी नुसतीच आकडे फेकायला बसलेय असं वाटायला नको.

माझी पक्की समजूत होती की कळा आणवल्या की सिझर वाढतं. लेकीच्या वेळी मी ते घरात दहा वेळा बोलून दाखवलं असेल. २०१८ ची अमेरिकेतली अराइव्ह चाचणी वाचली आणि गप्प बसले. ६,१०६ निरोगी पहिलटकरणी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटाला ३९ व्या आठवड्यात कळा आणवल्या, दुसऱ्या गटात वाट बघितली. सिझर पहिल्या गटात १८.६ टक्के, दुसऱ्यात २२.२. माझ्या समजुतीच्या अगदी उलट! खोट काढायची सवय, म्हणून शोधलं. पात्र असलेल्या बायकांपैकी फक्त २७ टक्के भाग घ्यायला तयार झाल्या होत्या, आणि बाळांच्या बाबतीत मुख्य फरक ठरवण्याइतका निघाला नाही. तरीही, माझं "कळा आणवल्या म्हणजे सिझर ठरलेलंच" हे वाक्य त्या दिवशी मेलं. स्वीडनमधल्या चाचणीनं तर ४२ आठवड्यांपर्यंत थांबायची माझी हौसही मारली. ती २,७६० बायकांवरच मध्येच थांबवावी लागली, कारण ४२ आठवड्यांपर्यंत थांबलेल्या गटात सहा बाळं गेली आणि ४१ व्या आठवड्यात कळा आणवलेल्या गटात एकही नाही. माझ्या आईची पिढी म्हणायची, फळ पिकलं की आपसूक गळतं. दर वेळी नाही गळत, आई.

तेव्हा माझा आग्रह नैसर्गिक प्रसूतीचा नाही. सिझर वाईट, नॉर्मल चांगलं, असली पाटी मला लावायची नाही. २०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. त्या फरकात तुमचे किती रात्रींचे जागर आहेत याची मला जाणीव आहे. माझी एक आत्या बाळंतपणात रक्तस्राव होऊन गेली, घरात तिचा एकच फोटो आहे. ती तुमच्या काळात असती तर वाचली असती.

एक गोष्ट मात्र मला खरोखरच लागली. "हे सगळे गोऱ्या बायकांचे आकडे, आपल्याकडे चालत नाहीत," असं मला एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. शंका योग्यच आहे. म्हणून मी आपल्या बायकांचे आकडे शोधले, आणि ते आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर निघाले. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बायकांना कळा आणवायला तोंडानं घ्यायची मिसोप्रोस्टॉलची गोळी बरी की फुग्याची नळी बरी, हे जगाला कुणी सांगितलं? नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांतल्या ६०२ बायकांनी. गोळी घेतलेल्यांपैकी ५७ टक्के जणींची चोवीस तासांत योनीमार्गे प्रसूती झाली, नळीवाल्यांपैकी ४७ टक्के. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला तीच गोळी खेड्यात चालते का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बायकांनी दाखवलं, २००६ साली. प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. पहिलटकरणीला रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली तर वेळेआधी बाळंतपण थोडं कमी होतं, १३.१ वरून ११.६ टक्के, हे २०२० साली सहा देशांतल्या जवळजवळ बारा हजार बायकांनी सांगितलं. त्यांतही नागपूर आणि बेळगाव आहेच.

आणि एक धडाही इथलाच. दिवस भरायच्या आधी प्रसूती होणार असेल तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, बाळाचं फुप्फुस तयार होतं, हे ऑकलंडमध्ये १९७२ साली दिसलं होतं. तेच खेडोपाडी सरसकट वाढवून बघितलं, सहा देशांत, पुन्हा नागपूर-बेळगावसह. २०१५ साली निकाल आला : छोट्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, एकूण बाळांत उलट थोडे वाढले, आयांना जंतुसंसर्ग जास्त झाला. मग जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या सोयी असलेल्या रुग्णालयांत नीट सोनोग्राफी करून पुन्हा तपासलं, तर २०२० मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच होतं. जागा, हात आणि पारख बदलली. तेव्हा "आपल्याकडे चालतं का" हा प्रश्न विचाराच, पण उत्तर असेल तिथं ते वाचाही.

या चाचण्यांत अंगठा किंवा सही करून सामील झालेल्या बायका कोण होत्या? धुणंभांडी करणाऱ्या, शेतात जाणाऱ्या, सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. त्यांना माहितीपत्रक त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, तसा संशोधनाचा नियमच आहे. म्हणजे बाई संशोधनात शिरली की तिला मराठीत सगळं समजावून सांगायचं, आणि त्याच संशोधनातून निघालेला उपचार तिच्या मावसबहिणीला द्यायचा तर आईला जिन्यात गाठून इंग्रजी कागद पुढे करायचा. यातली संगती मला अजून लागलेली नाही.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. माझा भाचा भूलतज्ज्ञ आहे. तो सांगतो, तालुक्याच्या गावी एकच डॉक्टर, एकच सिस्टर, पहाटे तीनला भूल द्यायला यायला माणूस नाही, रक्तपेढी चाळीस किलोमीटरवर. तिथं दिवसाउजेडी ठरवून सिझर केलेलं बरं, असं वाटणं माणसासारखंच आहे. सिझर केलं म्हणून दवाखाना फुटत नाही, केलं नाही म्हणून फुटतो. एखादं बाळ गेलं की जमावात पुढे असलेले लोक आकडे वाचून आलेले नसतात. हे सगळं कबूल. पण मग तेच सांगा ना! "रात्री माझ्याकडे भूलतज्ज्ञ नाही, म्हणून मी थांबायचा धोका घेणार नाही," हे अगदी सन्मानानं सांगण्यासारखं कारण आहे. सातव्या महिन्यात सांगितलंत तर बाई ठरवेल, इथं यायचं की शहरात जायचं. "पाणी कमी झालंय" हे त्याचं टोपणनाव नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९ ते २१ मध्ये देशात सरकारी रुग्णालयांत शंभरातल्या १४ बाळंतपणांत सिझर झालं, खासगीत ४७. खासगीत येणाऱ्या बायका वयानं थोड्या मोठ्या, सुखवस्तू, हे धरूनही एवढा फरक त्यात मावत नाही. कारण गुंतागुंतीच्या केसेस शेवटी मेडिकल कॉलेजला पाठवल्या जातात, त्या सरकारी आकड्यात आहेत. पण हा सरासरी आकडा एकेकट्या बाईच्या काही कामाचा नाही. तिला तुमच्या रुग्णालयाचा आकडा हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सुचवलेली, बाळंतिणींचे गट पाडून सिझर मोजायची रॉबसन वर्गवारी तुमच्याकडे आहेच. तिचा पहिला गट म्हणजे पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पुरे, कळा आपोआप. "या गटातल्या किती जणींचं आमच्याकडे गेल्या वर्षी सिझर झालं," ही एक ओळ स्वागतकक्षात, गणपतीच्या फोटोशेजारी, लावायला काय हरकत आहे? बाळ बाहेर येताना योनीमुखाशी किती जणींना छेद दिला, ही दुसरी ओळ. सरसकट छेद न देता गरजेपुरताच दिला तर मोठ्या इजा ३० टक्क्यांनी कमी होतात, हे चाचण्यांत दिसलंय. सोबतीण आत येऊ शकते की नाही, ही तिसरी.

आता लेकीचं.

"एकदा सिझर म्हणजे पुन्हा सिझरच" हे वाक्य न्यूयॉर्कच्या डॉ. क्रॅगिन यांचं, १९१६ सालचं. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. आणि त्यांना सांगायचं होतं ते हे की पहिलं सिझर जपून करा. आज छेद खाली आडवा असतो, लेकीचाही तसाच आहे, फाईलमध्ये लिहिलंय. २००४ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पूर्वी सिझर झालेल्या १७,८९८ जणींनी नॉर्मलचा प्रयत्न केला, ७३ टक्क्यांना जमलं. गर्भाशयाची पिशवी फाटली ०.७ टक्के जणींची, म्हणजे हजारात सात. प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेली बाळं त्या गटात बारा होती, ठरवून सिझर केलेल्या १५,८०१ जणींच्या गटात एकही नव्हतं. लेकीचं पहिलं सिझर कळा न सरकल्यामुळे, म्हणजे तिची शक्यता ७३ पेक्षा थोडी कमी. दुसऱ्या बाजूला, तिसरं मूल हवं असेल तर दर सिझरबरोबर वार खोल रुजण्याचा धोका चढत जातो. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्यांत दुसऱ्या सिझरच्या वेळी ११ टक्के, तिसऱ्याला ४०.

हे सगळं मी एका कागदावर मराठीत लिहून तिच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, ती नॉर्मलचा प्रयत्न करते म्हणेल. तिनं दोनदा वाचलं, नातीला झोपवून आली आणि म्हणाली, "आई, तिसरं मला नकोच आहे. बारा आणि शून्य, एवढंच डोळ्यासमोर राहतंय. मी बहुतेक सिझर निवडीन. पण ३९ आठवडे पुरे झाल्यावरच." कारण त्या कागदावर हेही होतं : दुसरं सिझर ठरवून ३७ व्या आठवड्यात केलं तर १५.३ टक्के बाळांना काही ना काही त्रास झाला, ३९ व्या आठवड्यात केलं तर ८ टक्क्यांना. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख ३७ आठवडे आणि चार दिवसांची आहे.

म्हणजे गंमत बघा. डॉक्टर म्हणाले सिझर, लेकही म्हणते सिझर. तरीही दोघांचं बोलणं झालेलंच नाही. तिची जाऊ हेच आकडे वाचून उलटं ठरवील कदाचित, तिला तीन मुलं हवीत. आणि मी काय निवडलं असतं, हे मला कुणी विचारू नये, कारण पोट माझं नाही.

येत्या गुरुवारी तिची तपासणी आहे. ती चार प्रश्न घेऊन येईल : तारीख दीड आठवडा पुढे का नाही, त्याआधी कळा आल्या तर काय, रात्री भूलतज्ज्ञ असतील का, आणि आई आत येऊ शकते का. फाईल तिच्याच हातात असेल. संमतीपत्र मराठीत असेल तर बरं, नसेल तर मी घरून लिहून आणते. सही ती करेल. मी चष्मा आणणार आहे, तो फक्त वाचायला.

आपली,
एका पहिलटकरणीची (आता दुसरटकरणीची) आई,
निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका, नागपूर

ता. क. पंचांग घेऊन "सदतिसाव्या आठवड्यातल्या पुष्य नक्षत्रावर करा" म्हणत तुमच्या केबिनमध्ये शिरणाऱ्या आज्या-सासवांनाही मला एक पत्र लिहायचं आहे. तोवर त्यांना वरचा १५.३ आणि ८ चा आकडा दाखवा. आमच्या विहीणबाईंना दाखवला, त्यांनी पंचांग मिटून ठेवलंय, सध्यापुरतं.